निरंक अहवालानंतर

आषाढ सरत आलेला असतो. पंढरीहून परतलेल्या वारकऱ्यांच्या पायांचा ठणका अजून पुरता ओसरलेला नसतो, भातखाचरांतली लावणी उरकत आलेली असते आणि घरोघरी समया, निरांजने, लामणदिवे खाली उतरवून चिंचेने लखलखीत घासण्याची लगबग सुरू होते. आषाढाच्या याच अमावास्येला एक हात दिवे उजळत असताना दुसरा हात ‘गटारी’चे बेत आखत असतो, हेही आपल्याच समाजाचे चित्र आहे आणि त्याकडे फार कपाळाला आठ्या घालून पाहण्यात अर्थ नाही. पंचांगाच्या हिशेबाने काही दिवस मागेपुढे होत असले, तरी बहुतेक वर्षी याच सुमारास २८ जुलै येते. जगभर हा दिवस हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. यकृताचा सर्वाधिक छळ आपण ज्या पंधरवड्यात करतो, त्याच पंधरवड्यात त्याची विचारपूस करण्याचा दिवस यावा, हा योगायोग बोचरा खरा; पण चातुर्मासात काही नेम धरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना तो सोयीचाही वाटावा.

ही तारीख निवडली गेली ती बरूक ब्लमबर्ग यांच्या जन्मदिवसावरून. १९२५ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला हा वैद्यक-संशोधक कावीळ शोधायला निघालेलाच नव्हता. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक भेद कोणते असतात, या कुतूहलापोटी तो देशोदेशीच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवत होता. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते अशा रुग्णांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे तयार झालेली असतात. अशाच एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्तजल ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तजलासमोर ठेवले, तेव्हा दोहोंच्या मध्ये एक बारीक रेघ उमटली. त्या अनोळखी प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव मिळाले आणि १९६५ साली ते प्रसिद्ध झाले. आरंभी त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी जोडला गेला. ते प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचे बाह्य कवच आहे, हे कळायला आणखी काही वर्षे लागली, आणि विषाणूचा संपूर्ण कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १९७० साली. म्हणजे या आजाराच्या बाबतीत रक्तातली खूण आधी सापडली, खूण उमटवणारा नंतर. ब्लमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले. त्यांनी पाहिलेली ती रेघ आज ‘एचबीएसएजी’ या नावाने आपल्या प्रयोगशाळांच्या अहवालांत छापली जाते, आणि या आजाराची पुढची सारी वाटचाल अजूनही अशा खुणा वाचतच होते.

आपल्याकडे ही खूण बहुधा न विचारता समोर येते. गणपतीतल्या शिबिरात उत्साहाने रक्त दिलेल्या तरुणाला चार दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे येते. पहिलटकरणीच्या बाळंतपणाआधीच्या तपासण्यांत एक शब्द वेगळ्या शाईत उमटतो. आखाती देशांत नोकरीसाठी निघालेल्या रत्नागिरीच्या किंवा गोव्याच्या पोराला वैद्यकीय तपासणीत ‘अनफिट’ ठरवले जाते, कर्ज काढून केलेली तयारी तिथेच थांबते, आणि आपल्याला नेमके झाले आहे काय हे कोणी नीट सांगत नाही. गावात याला पांढरी कावीळ म्हणतात. डोळे पिवळे नाहीत, भूक जागेवर आहे, मग आजार कसला, हा प्रश्न घरच्यांना पडतो आणि तो अगदीच वावगा नाही, कारण जुनाट हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षे काहीच बोलत नाही. मग कोणी माळ घालणाऱ्याकडे नेतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ ‘उतरवतो’, कोणी नाकात औषध पिळतो. पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपली आपणच बरी होते, त्यामुळे या उपायांना यशाचे श्रेय आयते मिळत आले आहे. रक्तातून, शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाकडे आलेल्या या दुसऱ्या पाहुण्यावर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. आईकडून जन्मतः लागण झालेल्या दहा बाळांपैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो, तर धडधाकट प्रौढाला लागण झाली तर शंभरातल्या पाचांच्याही आत. आज चाळिशीत ज्यांना निदान कळते त्यांच्यापैकी पुष्कळांची लागण ही पाळण्यातली असते. तेव्हा ‘कुठून आणलास?’ हा घरातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा चुकीचाच नव्हे, अन्यायाचाही ठरतो.

निदानानंतर प्रत्येकालाच औषध लागते असे नाही. ते कोणाला लागते, हे ठरवताना डॉक्टर दोन आकडे शेजारी ठेवून पाहतात. एक एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात सांडणारे विकर. दुसरा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या विषाणूच्या डीएनएची मोजणी. जोडीला यकृताच्या कडकपणाचा अंदाज येतो तो फायब्रोस्कॅनवरून, किंवा वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या साध्या आकड्यांच्या गणितावरून. (एसजीपीटीसमोर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा धरली आहे; आपल्या प्रयोगशाळांचे छापील कागद बहुधा याहून उदार असतात.) मग सुरू होते ती टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरची रोजची एक गोळी. पहिल्या काही महिन्यांतच लाखांतला, कोटींतला आकडा हजारांवर येतो, हजारांतून शेकड्यांवर, आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांत अहवालावर येते ते ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. आपल्या सरकारी कागदांवर असतो तसा निरंक अहवाल. त्या दिवशी घरात गोडधोड होते, आणि व्हावेही.

पण याच वळणावर आपली सर्वांत मोठी गल्लत होते. रक्त निरंक झाले म्हणजे शरीर निरंक झाले, असे आपण धरून चालतो. विषाणूने यकृताच्या पेशीत काय करून ठेवले आहे ते पाहिले, की ही समजूत टिकत नाही. पेशीत शिरल्यावर तो आपल्या डीएनएची एक मिटलेली, वर्तुळाकार प्रत थेट पेशीच्या केंद्रकात नेऊन ठेवतो. तिच्यावरून आरएनए उतरतात. त्या आरएनएवरून काही ठिकाणी कवचाची प्रथिने घडतात, तर एका लांब आरएनएवरून उलट्या वाटेने पुन्हा डीएनए लिहिला जातो आणि नवे विषाणू बाहेर पडतात. आपली गोळी अडवते ती फक्त ही शेवटची उलटी वाट. केंद्रकातल्या वर्तुळाला ती हात लावत नाही. शेताच्या बांधावरची हरळी वरून कितीही खुरपली तरी जमिनीखाली तिचे जाळे शाबूत असते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही; यकृतातही तेच घडते. शिवाय या विषाणूच्या डीएनएचे तुकडे आपल्याच गुणसूत्रांत जाऊन बसलेले असतात, आणि तेही गुपचूप कवचाचे प्रथिन घडवत राहतात.

म्हणून व्हायरल लोड निरंक झाल्यावरही ऑस्ट्रेलियाची ती जुनी रेघ अहवालावर कायम राहते, आणि रुग्ण गोंधळतो: विषाणू सापडत नाही म्हणता, मग मी ‘पॉझिटिव्ह’ कसा? पूर्वी या प्रश्नाला खांदे उडवण्यापलीकडे उत्तर नसे. आता ती रेघ नुसती आहे की नाही एवढेच न पाहता तिचे मोजमापही करता येते. मिलिलिटरमागे किती युनिट कवच-प्रथिन आहे, हा आकडा गोळीच्या उपचारात अतिशय संथपणे उतरतो, इतका संथ की त्याच गतीने तो शून्यावर यायला पुष्कळांना अनेक दशके लागावीत, असे हिशेब मांडले गेले आहेत. गोळ्यांवर असलेल्या शंभर रुग्णांपैकी वर्षाला जेमतेम एकाच्या रक्तातून ही खूण पुरती पुसली जाते. ती पुसली जाऊन उपचार थांबवल्यावरही निदान सहा महिने पुसलेलीच राहिली आणि डीएनएही सापडला नाही, तर वैद्यक तिला कार्यात्मक मुक्ती म्हणते. सध्या ज्याची आशा धरावी असे याहून मोठे बक्षीस नाही.

मोजमापाने मात्र दुसरा पेच उभा केला. हे कवच-प्रथिन केंद्रकातल्या वर्तुळातून आले की गुणसूत्रांत घुसलेल्या तुकड्यांतून, हे आकडा सांगत नाही. ई-अँटिजेन (विषाणूचेच आणखी एक प्रथिन) निगेटिव्ह झालेल्या रुग्णांत तर त्याचा मोठा वाटा तुकड्यांतूनच येतो, आणि आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत. तेव्हा संशोधकांची नजर आणखी दोन खुणांवर गेली. एक, रक्तात सापडणारा विषाणूचा आरएनए. गोळीने उलटी वाट बंद केली की कवचात भरलेला तो लांब आरएनए डीएनए न होताच बाहेर पडू लागतो. म्हणजे उपचाराआधी ज्याच्याकडे लक्ष द्यायचे कारण नव्हते, तोच उपचारामुळे बोलका होतो, आणि तो गुणसूत्रांतल्या तुकड्यांतून नव्हे, तर केंद्रकातल्या वर्तुळावरूनच उतरलेला असल्यामुळे त्या वर्तुळाची जाग किती, हे तो आपल्याला कळवतो. दुसरी खूण गाभ्याशी नाते सांगणाऱ्या प्रथिनांची. ई-अँटिजेन, गाभ्याचे प्रथिन आणि त्यांचे एक धाकटे भावंड अशी तिघांची एकत्र मोजणी. ती जपानमध्ये घडली, आणि गोळ्या थांबवण्यासारखा रुग्ण कोण हे ठरवताना तेथील तज्ज्ञ ती आणि कवचाचा आकडा मिळून पाहतात. डीएनए निरंक, पण आरएनए किंवा गाभ्याची खूण भरपूर, अशा रुग्णाची गोळी थांबवली तर विषाणू उसळण्याचा संभव मोठा. दोन्ही मावळलेल्या असतील तर तो कमी. निरंक अहवालांतही असे थर असतात, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतले महत्त्वाचे ज्ञान आहे.

इथे थोडे सावध राहावेसे वाटते. कवचाचा आकडा शंभर युनिटांच्या खाली असेल तर उपचार थांबवून पाहता येतो, असे एक गणित हल्ली रुग्णांच्याही तोंडी ऐकू येते. ते निराधार नाही. पण ज्या अभ्यासांतून ते निघाले ते मुख्यतः पूर्व आशियातले, जिथे या विषाणूचे बी आणि सी हे जनुकप्रकार चालतात. आपल्याकडे प्रामुख्याने डी आणि ए. परक्या मातीतला आकडा आपल्या रुग्णावर जसाच्या तसा लावायला आपण धजावू नये, आणि नव्या खुणांच्या तपासण्या अजून बहुतांशी संशोधनाच्या दारातच उभ्या असताना त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजण्याची घाईही करू नये. आपल्या लोकांवरचे, आपल्या जनुकप्रकारांवरचे दीर्घकाळ चाललेले अभ्यास हवेत, आणि ते उभे करणे हे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे काम आहे.

गोळी आपल्या मनाने थांबवणे हा तर या आजारातला सर्वांत महागडा प्रयोग. निरंक अहवाल हाती आला, श्रावणातल्या उपवासांत सहज सुटली, गावाला जाताना डबी घरी राहिली, मग म्हटले राहू दे, अशी तिची सुटण्याची रीत. काही आठवड्यांत वा महिन्यांत वर्तुळावरून पुन्हा लेखन सुरू होते, शरीराची प्रतिकारशक्ती एकदम जागी होऊन दूषित पेशींवर तुटून पडते आणि एसजीपीटी चाळिसावरून हजारावर जाते. यकृत आधीच आकसलेले असेल तर हा झटका जिवावर बेततो; सिऱ्होसिस असलेल्यांना म्हणूनच गोळी आयुष्यभराची सांगितली जाते. व्हायरल लोडची दर सहा महिन्यांची किंवा वर्षाची तपासणी हा आपल्या इमानाचाही अहवाल असतो. जुन्या लॅमिव्हुडिनच्या काळात आकडा पुन्हा वर गेला की डॉक्टर विषाणूला दोष देत, कारण चार-पाच वर्षांत दहांतल्या सुमारे सात रुग्णांत तो त्या औषधाला सरावत असे. टेनोफोव्हिरच्या बाबतीत असा सराव क्वचितच, म्हणून आज आकडा वर गेला की आधी चुकलेल्या गोळ्यांची चौकशी होते. खरे उत्तर द्यावे. डॉक्टर रागावले तरी यकृत वाचते.

विषाणूच्या या साऱ्या खुणांपलीकडे, ज्यांची चर्चा कधी होत नाही असे काही साधे नेम आहेत. टेनोफोव्हिर चालू असेल तर क्रिएटिनिन पाहत राहावे, कारण मूत्रपिंडाची थोडी काळजी घ्यावी लागते. सिऱ्होसिस असलेल्यांनी, आणि घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी, डीएनए कितीही निरंक असो, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी करावी. गोळीने कर्करोगाचा धोका घटतो, मिटत नाही. दारूबद्दल या पंधरवड्यात काही लिहिणे म्हणजे उपदेश ठरेल. तरी ज्याचे यकृत एका पाहुण्याला सांभाळते आहे, त्याच्यापुढे पेला सरकवणारा मित्र फारसा मित्र नव्हे. आणि ज्यांची ऑस्ट्रेलियाची रेघही पुसली गेली, त्यांच्या रक्तात गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे बहुधा जन्मभर राहतात. पुढे कधी कर्करोगावरची केमोथेरपी, रिटुक्सिमॅबसारखी औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घ्यायची वेळ आली, तर झोपी गेलेले वर्तुळ जागे होऊ शकते. त्या वेळी समोरचा डॉक्टर वेगळ्या शाखेचा असेल, त्याला आपला जुना इतिहास ठाऊक नसेल. आपणच तो सांगायचा असतो.

या आजाराचे ओझे मोजले तर मन जड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख माणसे जुनाट हिपॅटायटिस बी घेऊन जगत होती, त्यांपैकी सुमारे तीन कोटी भारतात. त्या एका वर्षात या विषाणूने जगात ११ लाख बळी घेतले. आपल्याला हा आजार आहे हे जगातल्या दर शंभर रुग्णांतल्या तेरांनाच ठाऊक होते, आणि उपचार मिळत होते ते जेमतेम तिघांना. खुणांची एवढी सूक्ष्म विद्या एका बाजूला, आणि पहिली खूणसुद्धा न पाहिलेली ही कोट्यवधी माणसे दुसऱ्या बाजूला. २८ जुलै २०१८ रोजी केंद्राने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यातून सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि गोळ्या विनामूल्य मिळतात. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे, असा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारून पाहावा. अमिताभ बच्चन यांनी १९८२ च्या ‘कूली’च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून आपल्याला हा आजार झाल्याचे जाहीरपणे सांगितले, एवढ्या मोठ्या माणसाने सांगितल्यावरही शेजारच्या घरातला माणूस मात्र आपला अहवाल कपाटात कागदांखाली दडवून ठेवतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका घरात राहिल्याने हा विषाणू लागत नाही. वस्तरा, ब्लेड आणि टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा असावा.

आणि ज्यांना अजून लागण झालेली नाही त्यांच्यासाठी तर लस आहेच. तैवानने जुलै १९८४ मध्ये बाळांना ती देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि एका पिढीच्या आत तिथल्या मुलांतला यकृताचा कर्करोग घटला. हैदराबादच्या एका कंपनीने १९९७ साली देशी लस बाजारात आणली आणि किमती आवाक्यात आल्या. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०११ च्या सुमारास देशभर पोचली. जन्मानंतरच्या चोवीस तासांतला पहिला डोस सर्वांत मोलाचा, कारण आईकडून बाळाकडे येणारी वाट तिथेच अडते. आईचा व्हायरल लोड जास्त असेल तर गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तिलाही टेनोफोव्हिर दिले जाते. बारशाच्या तयारीआधी, पाचवीच्या पूजेआधी, बाळाच्या मांडीवर ती एक सुई टोचली गेली की नाही हे आजीने विचारावे. आजीने विचारले की विसरायची कोणाची हिंमत होत नाही.

अजून महिन्याभराने गणेशोत्सवाच्या मंडपांत मंडळांची रक्तदान शिबिरे भरतील. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचबीएसएजी तपासणी कायद्यानेच होते, म्हणजे दर वर्षी हजारो धडधाकट माणसांच्या रक्तातली ही पहिली खूण आपोआप पाहिली जाते. मंडळांनी आपल्या शिबिरात एवढी सोय करावी: दात्याचा फोन क्रमांक नीट लिहून घ्यावा, रक्तपेढीचे बोलावणे आले तर टाळू नये हे त्याला आधीच समजावून सांगावे, जिल्ह्यातल्या उपचार केंद्राचा पत्ता त्याच्या प्रमाणपत्राच्या मागे छापावा, आणि कोणाला बोलावणे आले ही गोष्ट मंडपात कोणाच्याही कानावर जाऊ देऊ नये.